नक्षीदार मुठींची जुनी कटलरी: अस्सल चांदी घ्यावी की मुलाम्याची?

नक्षीदार मुठींची जुनी इंग्लिश कटलरी घेताना स्टर्लिंग चांदी की चांदीचा मुलामा, हा प्रश्न बहुतेक जण संपूर्ण संचासाठी एकदाच विचारतात. माझ्या मते काटे-चमचे आणि सुऱ्या यांची घडणच निराळी असल्यामुळे निर्णयही निरनिराळा घ्यायला हवा.

काटे-चमचे सलग धातूचे असतात. स्टर्लिंगमध्ये हजारात ९२५ भाग चांदी असते आणि ती आरपार तशीच असते; त्यामुळे दांड्यावरचा शिंपला किंवा पानांची वेल वापराने गुळगुळीत झाली, तरी रंग बदलत नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले, त्यानंतर रूढ झालेल्या 'ई.पी.एन.एस.' (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) छापाच्या वस्तूंत मात्र तांबे, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा केवळ पातळ थर असतो. नक्षीच्या उंचवट्यांवर आणि चमचा टेबलाला टेकतो त्या जागी तो आधी उडतो आणि खालचा पिवळट धातू दिसू लागतो. नव्याने मुलामा देता येतो, पण त्यापूर्वीच्या घासकामात बारीक रेषा आणखी पुसट होतात. काटे-चमच्यांसाठी म्हणूनच मी निःसंकोचपणे स्टर्लिंग सुचवेन.

सुऱ्यांच्या बाबतीत हे पारडे फिरते. चांदीची मूठ बहुधा भरीव नसते: ठशात दाबलेले पातळ पत्र्याचे दोन अर्धे झाळून जोडलेले असतात, आत राळ भरलेली असते आणि पात्याचा दांडा त्या राळेत रोवलेला असतो. गरम पाण्यात राळ मऊ होऊन पाते डुगडुगू लागते, आणि अतिघासलेल्या नक्षीच्या टोकांवर पत्रा फाटून काळपट राळ डोकावते. ही दुरुस्ती कठीण असते, कारण झाळण्यापूर्वी आतील भरण काढावे लागते. मुलाम्याच्या मुठीही पुष्कळदा पोकळच असतात, तरी खालचा मिश्रधातू चांदीपेक्षा टणक असल्यामुळे त्यांना पोचे कमी पडतात. रोजच्या जेवणासाठी सुऱ्या मुलाम्याच्या घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

पात्याकडेही पाहावे. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये गंजरोधक पोलाद तयार केले. त्याआधीची पाती साध्या पोलादाची असून लगेच कोरडी न केल्यास गंजतात. जुन्या मुठीत नंतर बसवलेले स्टेनलेस पाते संग्राहकाला खटकते, पण वापरणाऱ्याला ते सोयीचेच ठरते.

हस्तिदंती मुठींच्या व्यापारावर अनेक देशांत कायदेशीर निर्बंध आहेत, त्यामुळे नियम तपासल्याखेरीज त्या घेऊ नयेत. बाकी कोणतीही सुरी घेताना मूठ एका हाताने धरून पाते हलकेच हलवून पाहावे आणि जोडाच्या रेघेवरून बोट फिरवावे. रेघ उकललेली जाणवल्यास नक्षी कितीही मोहक असली तरी ती सुरी घेऊ नये.