झुकत्या फांद्यांची चेरी: दीड वर्षानंतर

न्यू जर्सीत आमच्या पुढच्या अंगणात ‘स्नो फाउंटन’ जातीची झुकती चेरी लावली त्याला आता दीड वर्ष झालं. नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमधली पाच हजारांवर चेरीची झाडं एप्रिलमध्ये पाहिली तेव्हापासून घरी एक हवंच होतं. गुलाबी हिगन चेरी वीस-तीस फूट वाढते, आमची जागा लहान, म्हणून ही ठेंगणी पांढरी घेतली.

घेणाऱ्याने आधी कलमाची गाठ बघावी. सरळ खोडाच्या खुंटावर वर झुकत्या जातीचं कलम बांधलेलं असतं. आमच्या झाडाची गाठ साडेचार फुटांवर आहे. फांद्या तिथून खालीच येतात, त्यामुळे झाडाची उंची बरीचशी या गाठीवर ठरते. हापूसच्या कलमाला गाठीखालून फुटवा आला की घरची मोठी माणसं लगेच काढून टाकायची, तेच इथेही. पहिल्या जूनमध्ये खुंटाला दोन काठीसारखे सरळ फुटवे आले. पानं हिरवीगार, जोमदार, म्हणून मला कौतुकच वाटलं आणि महिनाभर राहू दिले. तेवढ्यात त्यांनी वरच्या फांद्यांना मागे टाकलं. तसेच राहिले असते तर झुकतं झाड हळूहळू साधं उभं झालं असतं. आता दिसला की बोटभर असतानाच खुडते.

आमची माती चिकण, पाणी साचणारी. चेरीला ओली मुळं अजिबात चालत नाहीत, म्हणून उंचवट्यावर लावली आणि आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब ठेवलं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश, भरपूर पाणी दिलं.

जुलैमध्ये जपानी भुंगेरे येतात आणि पानांची जाळी करून टाकतात. अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा सापडला तो १९१६ मध्ये, इथेच न्यू जर्सीत! सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटकून टाकायचे. गंधाचे सापळे मी आता लावत नाही, त्यांच्यामुळे शेजारपाजारचे भुंगेरेही आमच्याकडे जमायला लागले होते.

छाटणी फुलं गळल्याबरोबर करायची, कारण पुढच्या वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. यंदा गवताला टेकणाऱ्या फांद्या तेव्हाच आखूड केल्या.

बहर जेमतेम आठ-दहा दिवस. पण त्या दिवसांत संध्याकाळी दारात गाडी लावून मी आत जात नाही, तिथेच उभी राहते. ऑक्टोबरात पानं पिवळी-केशरी होतात, तेही सुंदर.

मागच्या अंगणासाठी दुसरं बघतेय, गाठ सहा फुटांवर असलेलं, म्हणजे मुलांना फुलांच्या खालून जाता येईल.