अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’: ४५ची तबकडी आणि एलपी, काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचा भावपूर्ण प्रकार) गायक अल ग्रीनचं हे गाणं मोठ्या आवाजात ऐकण्यासाठी केलेलं नाही. हाय रेकॉर्ड्स या कंपनीचं मूळ सिंगल (मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची छोटी तबकडी, म्हणून ‘४५’; क्रमांक २२०२, मागच्या बाजूला ‘टुमॉरोज ड्रीम’) आणि त्याच नावाच्या एलपीची (अनेक गाण्यांची मोठी, हळू फिरणारी तबकडी) नव्याने छापलेली प्रत, दोन्ही काही महिने आलटून पालटून वाजवल्यावर हे मत पक्कं झालं. खोलीत दोन माणसं बोलतात तेवढाच आवाज ठेवला की गाणं उलगडतं. वाढवला की ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) अंगावर येतं आणि गायक मागे सरकतो.

याचं मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. मेम्फिसचा रॉयल स्टुडिओ म्हणजे एक जुनं थिएटर. खुर्च्या गेल्या, पण प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिली. १९७१ साली तिथे निर्माते विली मिचेल आणि ड्रमर अल जॅक्सन ज्युनिअर यांनी चाल बसवली, शब्द ग्रीननी लिहिले, म्हणून श्रेय तिघांच्या नावावर आहे. ग्रीनचा कल छातीतून जोर लावून गाण्याकडे होता, सोल गायकाने गावं तसंच. मिचेलना मात्र हलका, जवळून ऐकू येणारा आवाज हवा होता. यावरून दोघांची चांगलीच ओढाताण झाली, कारण ग्रीनना स्वतःचा तो पातळ आवाज पटत नव्हता. अखेर मिचेलचं चाललं, आणि गाण्याचं सोनं झालं. आवाज मुळातच दाबून ठेवलेला असल्याने तो फॉल्सेटोत (पुरुषाच्या नेहमीच्या आवाजाच्या वरच्या, पातळ स्वरांत) कधी शिरतो आणि कधी परत येतो, याचा सांधा कळत नाही. गाणं एफ मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी चार. सोबत गाऊन पाहिलं की लक्षात येतं, स्वर गाठणं तितकं अवघड नाही, तो हळू आवाजात टिकवणं अवघड आहे.

ठेक्याकडे खास कान द्यावा. जॅक्सन स्नेअरवर (खाली तारा असलेल्या, झणझणणाऱ्या छोट्या ड्रमवर) आपलं पैशाचं पाकीट ठेवून त्याची झणझण मारत, अशी त्यांची ख्याती होती. इथेही ठोका तडतडत नाही, जाड आणि आखूड येतो. त्याखाली लेरॉय हॉजेसचा बास, बाजूला टीनी हॉजेसची गिटार आणि चार्ल्स हॉजेसचा ऑर्गन. तिघे सख्खे भाऊ, आणि कोणीही दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकत नाही. मोकळी जागा इतकी आहे की वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह यांच्या मेम्फिस हॉर्न्स या फुंकवाद्यांच्या जोडीचा सुरुवातीचा तुकडा संपून गायक येतो तेव्हा एकदम कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं.

सिस्टिम नीट लावली आहे का, हे तपासायला पहिली ओळच पुरे. पहिला शब्द ग्रीन दोनदा घेतात, मध्ये किंचित थांबून. त्या थांब्यात मागचं एकेक वाद्य सुटं ऐकू आलं पाहिजे. नुसती घुमघुम आली तर १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगलाय. ठोका आणि बास दोन्ही तिथेच असल्याने ते एकमेकांत मिसळतात. अशा वेळी स्पीकर भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्यावेत, अँपवरचं लाउडनेसचं (हळू आवाजात बास वाढवणारं) बटण बंद करावं. ब्लूटूथ स्पीकरवरचा बास बूस्ट तर या गाण्याचा शत्रूच आहे, तो लावून ऐकणाऱ्याला या गाण्यात लोकांनी काय पाहिलं ते कळणारच नाही.

यश थोडक्यात. नोव्हेंबर १९७१ मध्ये सिंगल आलं, फेब्रुवारी १९७२ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर एक आठवडा राहिलं, आणि आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत मात्र तब्बल नऊ आठवडे. ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८३ साली गायिका टीना टर्नरने तेच गाणं सिंथेसायझरच्या साथीने गायलं आणि तिच्या पुनरागमनाची सुरुवात त्यातून झाली. तिची आवृत्ती दमदार आहे, पण तिथे मोकळी जागा उरत नाही. २०१० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मूळ मुद्रणाची जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत नोंद केली, ती अगदी योग्य वाटते.

आता ४५ घ्यावी की एलपी? ४५ जास्त वेगाने फिरते म्हणून ती सरस, असा सर्रास समज आहे. या गाण्यापुरता तो खोटा ठरतो. एलपीवर हे पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं आहे, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या खाचेत. तिथे सुईखालून खाच सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगाने सरकते. सात इंची ४५वर सुरुवातच ४०च्या आसपास होते आणि शेवटाकडे ती ३०च्याही खाली येते. त्यामुळे शेवटच्या मिनिटात ‘स’ आणि ‘श’ किंचित फाटतात. एलपीवर तसं होत नाही. ४५ची खाच जोरात कापलेली असते, म्हणून ठोका अंगावर येतो आणि मजाही येते. पण निवांत ऐकायला एलपीच.

जुनी ४५ घेताना एक गोष्ट जरूर पाहावी. त्या काळी अमेरिकेत बरीच सिंगल्स विनाइलऐवजी स्टायरीन या कडक प्लास्टिकची निघत. स्टायरीनवर लेबल चिकटवलेलं असतं, त्याची कड सुटते. विनाइलवर ते दाबातच बसलेलं असतं. टिचकी मारली की स्टायरीन कडक, उंच आवाज देतं. हे द्रव्य पटकन झिजतं. खराब सुईने वाजवलेली प्रत दिसायला चकचकीत असली तरी ग्रीनच्या आवाजावर सतत खरखर देते, आणि ती कितीही धुतली तरी जात नाही. म्हणून विकत घेण्याआधी शेवटचा अर्धा मिनिट वाजवून पाहावा. सुरुवात ऐकून फसगत होते. गोल टोकाची सुई, दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलेल्या मर्यादेत, बहुतेक एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजना १.८ ते २ ग्रॅम. दाब कमी ठेवला तर तबकडी वाचते हा भ्रम आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. तबकडी उलटी फिरवून गाण्याची सुरुवात शोधू नये, स्टायरीनवर तिथे कायमचा डाग पडतो. मधलं भोक दीड इंची असल्याने अडॅप्टर (भोकात बसवायची चकती) घट्ट बसणारा हवा. तो सैल असला तर तबकडी केंद्रापासून सरकते आणि ऑर्गनचे लांब स्वर लाटांसारखे हलतात. लोक मग विनाकारण मोटरला दोष देतात.

पावसाळ्यात मुंबईत, कोकणात नि गोव्यात बुरशी येतेच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रव साबणाचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचेच्या दिशेने पुसणं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात. स्टायरीनला अल्कोहोल लावू नये. कागदी आतली पाकिटं दमट झाली की बुरशी परत येते, ती फेकून पॉलिथिनची घालावीत, आणि तबकडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत सरकवू नये.