सी-आर्मवर चालणारे खुब्याचे नेव्हिगेशन: गोव्यातल्या मध्यम हॉस्पिटलांनी घ्यावे का?

खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत संगणकाची मदत आज तीन तऱ्हांनी मिळते. माकोसारखा रोबोटिक हात आधी काढलेल्या सीटी स्कॅनवर चालतो. इंटेलीजॉइंटसारखी यंत्रणा पेल्व्हिसच्या (कटीच्या) हाडात पिन रोवून छोट्या कॅमेऱ्याने मोजमाप करते. तिसरी तऱ्हा सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलाभोवती फिरणाऱ्या एक्स-रे यंत्राच्या, चित्रांवरच चालते. वेलिस हिप नेव्हिगेशन आणि ऑर्थोग्रिड ही त्यातली ओळखीची नावे. पिना नाहीत, सीटीची गरज नाही, आहे त्याच सी-आर्मला संगणक जोडायचा. म्हापसा, मडगाव, फोंड्यातल्या मध्यम आकाराच्या हॉस्पिटलांनी विचार करावा तो याच तऱ्हेचा, म्हणून हा आढावा तिचाच, कुठल्या एका ब्रँडचा नव्हे. आमचे मत आधीच सांगतो: पायाची लांबी आणि वाटीचे (पेल्व्हिसमध्ये बसवायच्या कृत्रिम खोबणीचे) इन्क्लिनेशन, म्हणजे तिचा बाजूला उतरता कोन, यांसाठी यंत्र उत्तम, अँटिव्हर्जनसाठी, म्हणजे ती पुढे किती उघडते त्या कोनासाठी, जपून वापरायचे, आणि सी-आर्म जुना झाला असेल तर पैसे आधी सी-आर्मवर घाला.

काम चालते ते असे. रुग्ण उताणा, टेबल क्ष-किरण आरपार जाऊ देणारे. चीर देण्याआधी दोन्ही खुब्यांची चित्रे घेतात. सी-आर्मच्या चित्र टिपणाऱ्या 9 इंची भागात, म्हणजे इमेज इंटेन्सिफायरमध्ये, दोन्ही खुबे एकत्र मावत नाहीत, म्हणून चांगल्या बाजूचे चित्र आरशासारखे उलटवून खराब बाजूवर चढवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. रीमिंग, म्हणजे खोबण कोरणे, झाले की वाटी इम्पॅक्टरवर (ठोकून बसवायच्या दांड्यावर) लावून पुन्हा चित्र. वाटीचा व्यास माहीत असतो, त्यावरून मोजपट्टी ठरते. शेवटी तात्पुरते ट्रायल स्टेम (मांडीच्या हाडात जाणारा दांडा) आणि हेड (त्यावरचा बॉल) बसवून टिअरड्रॉपच्या (पेल्व्हिसवर दिसणाऱ्या थेंबासारख्या खुणेच्या) रेषेपासून लेसर ट्रोकँटरपर्यंतचे (मांडीच्या हाडावरच्या आतल्या उंचवट्यापर्यंतचे) अंतर आणि ऑफसेट (बॉलच्या मध्यापासून मांडीच्या हाडाच्या अक्षापर्यंतचे आडवे अंतर) दोन्ही बाजूंना ताडून बघतात.

यंत्राची खरी किंमत वसूल होते ती इथे. लांबीत 1 सेंटीमीटरच्या आसपास फरक राहिला तर बऱ्याच रुग्णांना तो चालताना जाणवतो, आणि पायात उंची घातलेली चप्पल वापरावी लागते. हेडची मान बदलून फरक काढायचा, तर स्टेमचा कोन 135 अंश असताना 4 मिमी जादा मानेने लांबी 2.8 मिमी वाढते आणि ऑफसेटही तेवढाच वाढतो. नुसत्या डोळ्यांनी आणि टाचा जुळवून हा हिशेब पक्का होत नाही. पडद्यावर तो लगेच दिसतो. मात्र दोन्ही मांड्या एकाच स्थितीत हव्यात. पाय बाहेरच्या बाजूला वळला की लेसर ट्रोकँटर मोठा दिसतो आणि ऑफसेट आहे त्याहून कमी भरतो. चित्र चढवण्याआधी दोन्ही ट्रोकँटर सारखेच डोकावतात का ते बघा, नसतील तर चित्र पुन्हा घ्या.

वाटीची गोष्ट जास्त नाजूक. ल्युइनेक या संशोधकाने 1978 मध्ये इन्क्लिनेशन 40 अधिक-उणे 10 आणि अँटिव्हर्जन 15 अधिक-उणे 10 अंश अशी चौकट दिली. सॉफ्टवेअर तीच हिरव्या रंगात दाखवते, पण निखळणाऱ्या सांध्यांपैकी बरेच या चौकटीच्या आतलेच असतात. अँटिव्हर्जन काढतात ते वाटीच्या कडेच्या लंबवर्तुळावरून: आखूड अक्ष भागिले लांब अक्ष म्हणजे त्या कोनाची साइन. 52 मिमीच्या वाटीला 15 अंशांवर आखूड अक्ष साडेतेरा मिमी भरतो, 20 अंशांवर पावणेअठरा. कड आखताना 1 मिमीची चूक झाली की आकडा साधारण 1 अंशाने सरकतो. आणि हे विसरू नका: एकाच समोरच्या चित्रातून वाटी पुढे उघडते की मागे, ते कळतच नाही. दोन्हींचे लंबवर्तुळ सारखेच दिसते. ते सर्जनने डोळ्यांनी आणि बोटाने ठरवायचे.

त्याहून मोठा घोळ पेल्व्हिसच्या कलण्याचा. पेल्व्हिस 1 अंश मागे कलली की अँटिव्हर्जन साधारण 0.7 अंशाने वाढते, म्हणजे 10 अंशांची चूक असेल तर 7 अंश हातचे गेले. खूण सोपी आहे. मागे कललेल्या पेल्व्हिसमध्ये ऑब्च्युरेटर छिद्रे (तिच्या खालच्या भागातली दोन मोठी भोके) उंच दिसतात, पुढे झुकलेल्यात चपटी. शस्त्रक्रियेआधीचा उभ्याने काढलेला एक्स-रे भिंतीवर लावा आणि छिद्रांचा आकार त्याच्याशी जुळेपर्यंत सी-आर्म डोक्याकडे किंवा पायांकडे कलवा. माकडहाडाचे टोक सिम्फिसिसच्या (पुढे पेल्व्हिसचे दोन्ही अर्ध जुळतात त्या सांध्याच्या) सरळ रेषेत आले की पेल्व्हिस वळलेली नाही. हे सगळे रेडिओग्राफरच्या हातात असते, म्हणून प्रशिक्षणाला सर्जनबरोबर त्यालाही बसवा. आपल्याकडे बहुतेक सर्जन रुग्णाला कुशीवर घेऊन मागच्या बाजूने जातात. तिथे रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचे हत्यार) ओढताना पेल्व्हिस पुढे फिरते आणि बाजूचे आधार चित्रात येतात. कुशीवरच काम करणाऱ्यांनी हे यंत्र घेण्याची घाई करू नये.

पाठीचे मणके कडक झालेल्या किंवा स्क्रूने जोडलेल्या रुग्णाला तर पडद्यावरचा हिरवा रंग पुरत नाही. बसताना पेल्व्हिस मागे कलते आणि वाटी पुढे उघडून बॉलला जागा देते. मणके कडक असले की हे कलणे होत नाही, स्टेमची मान वाटीच्या पुढच्या कडेला थडकते आणि बॉल मागे निसटतो. मंगेशी-कवळ्याच्या पंगतीत पाटावर बसण्याची हौस असलेल्या आपल्या माणसांना सर्जनने हे आधीच समजावले पाहिजे, आणि उभ्याने-बसून काढलेले बाजूचे एक्स-रे ऑपरेशन थिएटरात जाण्यापूर्वीच हातात हवेत.

आता जोडणी. जुन्या इंटेन्सिफायरमध्ये चित्र कडेला ताणले जाते, शिवाय पृथ्वीच्या चुंबकत्वाने किंचित वाकते आणि सी-आर्म फिरवला की वाकही बदलतो. फ्लॅट पॅनेलच्या (डिजिटल) सी-आर्ममध्ये हा त्रास नाही. दुसरा दोष केबलमध्ये लपतो: सी-आर्मचे चौरस चित्र कॅप्चर कार्डने (चित्र संगणकात घेणाऱ्या भागाने) रुंद पडद्यासाठी ताणले, तर गोल लांबट होते आणि सगळे कोन चुकतात. तपासणी अशी करा. 25 मिमीची स्टीलची गोळी टेबलावर मधोमध ठेवा, चित्र घ्या, आडवा आणि उभा व्यास मोजा. फरक दिसला तर विक्रेत्याला तिथेच थांबवा. डेमो स्वतःच्या सी-आर्मवरच मागा, कंपनीने आणलेल्या नव्या मशिनवर नको. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते, म्हणून संगणक आणि सी-आर्म दोन्हींना ऑनलाइन यूपीएस असू द्या. मधेच संगणक बंद पडला की आधीची चित्रे पुन्हा जुळवत बसावे लागते. सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो आणि किती तासांत, ते करारात लिहून घ्या.

चित्रे वाढतात तसे किरणही वाढतात. ट्यूब टेबलाखाली ठेवा, अर्धा मिलिमीटरचे लेड एप्रन आणि गळ्याचे कवच सर्वांना, किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज एप्रनच्या आत.

रुग्णाच्या घरच्यांसाठी: नेव्हिगेशनची फी वेगळी लावतात का, ते भरती होण्याआधी विचारा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांची मर्यादा आहे. फी त्यात बसते की खिशातून जाते, हे हॉस्पिटलच्या योजना कक्षाकडून लेखी घ्या.