क्लबच्या डिनरला बोलायला कोण? जुना खेळाडू की जुना रेफरी

ब्रिटनमध्ये मुलं रविवारी सकाळी मिनी रग्बीला जायला लागली, की वर्ष-दोन वर्षांत आई-बापापैकी कुणाच्या तरी गळ्यात वार्षिक डिनरची कमिटी पडतेच. जेवण, बार, ट्रॉफ्या हे सगळं मागच्या वर्षीच्या कागदावर निभावून जातं. अडतं ते जेवणानंतरच्या वक्त्यापाशी. एजंटकडून यादी येते तिच्यात बहुतेक निवृत्त आंतरराष्ट्रीय खेळाडू असतात, आणि खाली कुठेतरी एक-दोन निवृत्त रेफरी. आम्ही दोन्ही बोलावून पाहिलेत.

पैसा उभा करायचा असेल तर खेळाडू, यात फारसा वाद नाही. त्याच्या नावावर दहा-दहा जणांची टेबलं आधीच भरतात आणि सही केलेली जर्सी लिलावात चांगली उचलली जाते. रेफरीच्या शिट्टीला तेवढी बोली लागत नाही. मानधनात तुम्हाला वाटतो तेवढा फरक नसतो. मात्र दोघांच्याही बाबतीत आकड्यावर २० टक्के व्हॅट, प्रवास आणि रात्रीची खोली वेगळी आहे का, हे आधी लेखी विचारा. ३,००० पौंडांचे ३,६०० झाले की खजिनदाराचं तोंड बघवत नाही.

रेफरीची खरी पुंजी म्हणजे त्याचा आवाज. रग्बीत रेफरीला माइक लावलेला असतो. टीव्हीवर ऐकू येतोच, मोठ्या मैदानांवर प्रेक्षकही कानात छोटा रेडिओ घालून त्याचं बोलणं ऐकतात. म्हणजे वर्षानुवर्षं तो ऐंशी-ऐंशी मिनिटं लोकांसमोर बोलतच आलेला असतो, तेही धापा टाकत आणि समोर चिडलेला माणूस उभा असताना. वेल्सचा रेफरी नायजेल ओवेन्सचंच बघा. २०१२ मध्ये मन्स्टर आणि ट्रेव्हिसो या संघांच्या सामन्यात हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला त्याने ऐकवलं, आपली ओळख नाही वाटतं, इथला रेफरी मी आहे, आणि हे सॉकर नव्हे. २०१५ च्या विश्वचषकात न्यूकॅसलच्या फुटबॉल स्टेडियमवर स्कॉटलंडचा स्टुअर्ट हॉग जरा जास्तच नाटकी पडला, तेव्हा त्याला सांगितलं, असं पडायचं असेल तर दोन आठवड्यांनी इथेच ये. एकदा लाइनआउटचा, म्हणजे बाजूच्या रेषेवरून दोन रांगांमध्ये सरळ फेकायचा, चेंडू वाकडा आला, तर म्हणाला, ह्याच्यापेक्षा मी स्ट्रेट आहे. ओवेन्सने आपण समलिंगी असल्याचं २००७ मध्येच जाहीर केलेलं, आणि इंग्रजीत स्ट्रेट म्हणजे सरळ, तसाच समलिंगी नसलेलाही, त्यामुळे सगळे हसले. मराठीत हे काही केल्या उतरत नाही.

आता ज्यावरून माझं मन वळलं ते सांगतो. वेळ. साडेसातला बसायचं, सव्वानऊला गोड, साडेनऊला वक्ता, तीस मिनिटं भाषण आणि दहा मिनिटं प्रश्न, हे दोघांनाही पाठवलेलं असतं. खेळाडू पंचावन्न मिनिटांवर जातो. एक नाही, आमच्याकडे आलेले दोघेही गेले. मग कॉफी गार, लिलाव पावणेअकराला, बोली लावणारे बारपाशी उभे, स्वयंपाकघरातली पोरं घड्याळ बघतायत आणि बाहेर साडेअकराची बस. मागच्या टेबलांवर कुजबुज सुरू झाली की वक्ता आवाज चढवतो आणि विनोदाची पातळी उतरते. तेव्हा प्रायोजकाच्या बायकोकडे बघायची सोय राहत नाही. यात खेळाडूचा स्वभाव आडवा येतो असं मला वाटत नाही, त्याच्या गोष्टीची घडणच तशी असते. दौरा, हॉटेल, बस, टोपणनावं. या गोष्टीला शेवटच नसतो, एकीतून दुसरी निघते. रेफरीचा किस्सा म्हणजे फाउल, तक्रार, एक वाक्य, संपलं. चाळीस सेकंद. असे पंधरा मांडले तरी तो वेळेत खाली बसतो. शिवाय पाहुण्या क्लबची माणसंही हॉलमध्ये असतात, आणि रेफरीला दोन्ही संघांची खोडी काढता येते.

सगळे रेफरी असे असतात असं नाही. मैदानावर कोरडा असलेला माणूस माइकपुढेही कोरडाच राहतो. एजंटकडून सामन्याची नको, एखाद्या डिनरची ध्वनिफीत मागा. आणि कारकिर्दीत सांगण्यासारखी एक तरी जखम हवी. इंग्लंडचा रेफरी वेन बार्न्स याने २००७ च्या विश्वचषकात कार्डिफच्या उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सचा फॉरवर्ड पास (हाताने पुढे फेकलेला चेंडू, रग्बीत तो चालत नाही) सोडला, न्यूझीलंड १८-२० ने बाहेर गेलं आणि तो देश वर्षानुवर्षं त्याच्या नावाने बोटं मोडत राहिला. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच रेफरी, पुन्हा न्यूझीलंड, त्यांच्या कर्णधाराला रेड कार्ड आणि ११-१२ ने हार. शिवाय माणूस पेशाने बॅरिस्टर, म्हणजे मुद्दा मांडणं रोजचंच. ओवेन्सकडे १०० कसोट्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, आहेत आणि २०१५ च्या विश्वचषकाची फायनलही, पण त्याच्या बोलण्याचा गाभा स्वतःला स्वीकारण्याची लढाई हा आहे. तिथे हॉल गप्प होतो. म्हणून त्याच्या धाटणीचा वक्ता असेल तर भाषणाला लागून लिलाव ठेवू नका, मध्ये कॉफी येऊ द्या. खेळाडू आणि रेफरी दोन्ही एकाच माणसात हवे असतील तर जॉय नेव्हिलसारखी कारकीर्द शोधा: २०१३ मध्ये आयर्लंडकडून ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने) जिंकणारी खेळाडू, २०१७ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची रेफरी. असं क्वचितच जुळतं.

रेफरी ठरवलात तर दोन आठवडे आधी एक पानाची टिपणी पाठवा: शेजारचा वैरी क्लब कोणता, यंदा सर्वात जास्त यलो कार्डं कुणाची, कुठला प्रायोजक थट्टा सहन करतो. हातातला माइक द्या. कॉलरचा माइक मान वळली की आवाज सोडतो. भाषण सुरू असताना ताटं उचलायची नाहीत, हे केटररला त्याच दिवशी पुन्हा सांगा. प्रश्न कार्डांवर लिहून घ्या, नाहीतर पहिला माइक दारू जास्त झालेल्याच्या हातात जातो. आणि वक्त्याशेजारची खुर्ची अध्यक्षांना देऊ नका. तिथे तुमच्या क्लबचा तो रेफरी बसवा, जो दर रविवारी तेरा वर्षांखालच्या पोरांचे सामने घेतो आणि त्यांच्या बापांच्या शिव्या खातो.