रक्तस्राव नजरेने अजमावायचा की पिशवीत मोजायचा?

प्रसूतीनंतर किती रक्त गेलं, याचा नजरेने घेतलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. रक्त कपड्यांत, गादीत, फरशीवर विखुरतं. स्राव जितका जास्त, तितका अंदाज अधिक चुकतो. वेगळं साहित्य लागत नाही, एवढीच या पद्धतीची जमेची बाजू.

मोजपिशवी म्हणजे बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायचं, खुणा असलेलं प्लॅस्टिक. ती बाळ बाहेर आल्याबरोबर अंथरायची. आधीच अंथरली तर गर्भजल मिसळून आकडा फुगतो. तिचं निमुळतं टोक खाटेच्या कडेवरून खाली लोंबतं राहिलं पाहिजे, नाहीतर रक्त घड्यांत साचतं. भिजलेलं गॉझ वेगळं तोलून कोरडं वजन वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. पहिला तासभर दर 15 मिनिटांनी आकडा, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा कडकपणा नोंदवायचा.

आमचा कौल पिशवीलाच, पण एका अटीवर. युरोपातील 13 देशांत नुसती पिशवी देऊन पाहिली (निष्कर्ष 2010). गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत तिला उपचारांची जोड दिली (निष्कर्ष 2023): गर्भाशयाचं मालिश, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी, सगळं एकाच वेळी. तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 1.6 टक्के राहिलं, नेहमीच्या पद्धतीत 4.3 टक्के. म्हणून 500 मिलीची खूण गाठताच डॉक्टरांची वाट न पाहता परिचारिकेने उपचार सुरू करण्याची लेखी परवानगी आधीच असावी.