जुने कपाट, नवी बैठक : एका गृहसजावट सेवेचा अनुभव

जुने सागवानी कपाट आणि कोरीव चौकटीचा आरसा आधुनिक धाटणीच्या दिवाणखान्यात सामावून घेण्यासाठी आम्ही एका गृहसजावट सेवेची मदत घेतली. त्यांच्या सजावटकारांचा पहिलाच निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटला: कपाट इतर फर्निचरच्या गर्दीत न ठेवता त्यांनी त्याच्याभोवती मोकळी जागा सोडली, समोर सरळ रेषांचा, नक्षी नसलेला राखाडी सोफा मांडला आणि लाकडातील तांबूस छटा पडद्यांत व उशांच्या अभ्र्यांत पुन्हा आणली, त्यामुळे दोन काळांतील या वस्तू एकमेकींना परक्या वाटेनाशा झाल्या. प्रकाशयोजनेत मात्र ते चुकले. ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या दिव्यांखाली सागवान निस्तेज दिसू लागले. आमच्या आग्रहानंतर २७०० केल्व्हिनचे पिवळसर दिवे लावले गेले, तेव्हा कुठे लाकडाचा रंग खुलला. (हे त्यांना आधीच सुचायला हवे होते.) कपाटाला पॉलियुरेथेनचा, म्हणजे कृत्रिम वार्निशचा, चकचकीत थर देण्याचा त्यांचा प्रस्ताव आम्ही नाकारला, कारण जुने लाखेचे पॉलिश जसे जागच्या जागी सहज दुरुस्त करता येते, तसा तो करता येत नाही. काम वेळेत झाले. आरशाची जागा अजूनही मला पटलेली नाही. तो खिडकीसमोर टांगल्यामुळे दुपारी उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर येते.