टाटा १६१३ चे जुने कमिन्स इंजिन: बोअरिंग टाळून केलेल्या दुरुस्तीचा वापरानंतरचा अनुभव

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळ्या आणि पत्रे भरून भिवंडी व वसईकडे जाणाऱ्या आमच्या टाटा १६१३ गाडीला सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे टर्बो कमिन्स इंजिन आहे. गाडी बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या काळातली, डिझेल पंप यांत्रिक आणि इनलाइन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) असलेला. स्कॅनर जोडून दोष वाचावा असे तिच्यात काहीही नाही. गेल्या उन्हाळ्यात या इंजिनाची दुरुस्ती करून घेतली. त्यानंतर संपूर्ण पावसाळा आणि दिवाळीचा हंगाम गाडी भरलेली चालली आहे. काम झाल्याच्या आठवड्यात प्रत्येक इंजिन चांगलेच वाटते, म्हणून लिहायला मुद्दाम थांबलो होतो.

तक्रारी नेहमीच्याच होत्या. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ भरल्या गाडीला एक गिअर खाली उतरल्याशिवाय जमत नव्हता, चढावर काळा धूर सुटत असे, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नसे आणि सुरू झाल्यावर काही मिनिटे निळसर धूर देत असे. एका गॅरेजने ऑइलचे झाकण काढून ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची) वाफ पाहिली, पिस्टनच्या रिंगा गेल्या असे सांगितले आणि फुल इंजिनचे, म्हणजे सगळे इंजिन खोलून नव्याने बांधण्याचे, अंदाजपत्रक हातात दिले. त्यात लायनर (ब्लॉकमध्ये बसवायची सिलिंडरची सुटी नळी) आणि पिस्टन यांच्या किटची किंमत लावलेली पाहूनच शंका आली. कमिन्सच्या बी मालिकेतील या इंजिनात कंपनीकडून वेगळे लायनर येत नाहीत. १०२ मिमी व्यासाचा पिस्टन थेट ब्लॉकमध्ये कोरलेल्या बोअरमध्ये चालतो. झीज झालीच असेल तर ब्लॉक बोअर करून ०.५० किंवा १.०० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालायचे असतात, आणि बोअर करून आत नवी नळी (स्लीव्ह) ठोकणे हा ब्लॉक वाचवण्याचा शेवटचा मार्ग असतो. जो माणूस हे इंजिन लायनरचे आहे असे गृहीत धरून हिशेब मांडतो, त्याने ते यापूर्वी फारसे उघडलेले नाही एवढे तरी त्यातून कळते.

चांगला मिस्त्री शोधण्यासाठी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलपासून वाशीच्या बाजारापर्यंत चौकशी केली, तेव्हा प्रत्येक चालकाने आपापल्या उस्तादाचे नाव घेतले आणि त्यातून काहीही ठरेना. उपयोग झाला तो पंप लॅबमध्ये विचारल्याचा. डिझेल पंप कॅलिब्रेट करणाऱ्या या दुकानांत दिवसभर वेगवेगळ्या गॅरेजमधून काढलेले पंप येतात, आणि कोणता मिस्त्री विनाकारण पंप उतरवून पाठवतो, कोण बरोबर तक्रार लिहिलेली चिठ्ठी देतो, हे टेस्ट बेंचवरच्या माणसाइतके कोणालाच माहीत नसते. मी एवढेच विचारले की, ज्यांनी पाठवलेल्या पंपात बहुतेक वेळा खरोखर दोष निघतो असे कमिन्स करणारे मिस्त्री कोण. दोन लॅबमधून एकच नाव आले. बोअरिंगचे लेथवाले आणि रेडिएटरवाले यांच्याकडूनही अशीच माहिती मिळू शकते, कारण मुंबईत जुन्या इंजिनाचे काम एका छताखाली होत नाही. पंप एकीकडे, लेथ दुसरीकडे, टर्बो तिसरीकडे जातो, आणि मिस्त्रीचे खरे कौशल्य कोणती वस्तू कोणाकडे पाठवायची आणि कोणती पाठवायचीच नाही हे ओळखण्यात असते.

या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी काहीही उघडले नाही, फक्त गाडी रात्रभर उभी ठेवून जायला सांगितले. सकाळी थंड इंजिनावर त्यांनी टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि डिझेल फिल्टर यांच्यामधल्या लाइनमध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप लावला आणि सेल्फ मारताच त्यात बुडबुडे दिसले. टाकीकडून येणाऱ्या लाइनच्या बँजो बोल्टखालचे (मधून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरून चपटे झाले होते. तेथून डिझेल बाहेर गळत नव्हते, पण गाडी उभी राहिली की हवा आत जाऊन लाइन रिकामी होत होती. फीड पंपाची जाळीही टाकीतल्या गाळाने अर्धी भरली होती. सकाळच्या तक्रारीचा मोठा भाग एवढ्यातच संपला. याच फेरीत पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बदलला. परतीच्या लाइनवर बसणाऱ्या या छोट्या वस्तूची स्प्रिंग सैल झाली की पंपाच्या गॅलरीत दाब टिकत नाही, प्लंजर पुरते भरत नाहीत आणि गाडी चढावर दम सोडते. त्यावर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा उपाय सर्रास केला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

रिंगांचा प्रश्न त्यांनी नजरेने न सोडवता मापाने सोडवला, आणि या संपूर्ण कामात मला सर्वांत जास्त पटलेली गोष्ट हीच होती. ब्रीदरमधून थोडी वाफ येणे हे जुन्या टर्बो इंजिनात साहजिक असते. झाकण उलटे ठेवून ते उडते का हे पाहण्याची पद्धत भडक झीज दाखवते, पण मधल्या अवस्थेत काहीच सांगत नाही. त्यांनी ब्रीदरला ठरावीक छिद्राचा निपल लावून पाणी भरलेल्या यू आकाराच्या नळीला जोडले आणि गाडी भार घेऊन चालवताना पाण्याची पातळी किती सरकते ते पाहिले. दाब मर्यादेच्या आत निघाला. त्यानंतर इंजिन आयडलवर ठेवून एकेका सिलिंडरच्या हाय प्रेशर पाइपचा नट किंचित सैल करून आवाजात किती फरक पडतो ते ऐकले. पाच सिलिंडरला इंजिन लगेच अडखळले, चौथ्याला जवळपास फरक पडला नाही. (ही तपासणी हातमोजे आणि चष्म्याशिवाय कोणी करू नये, त्या दाबाच्या डिझेलची बारीक धार कातडीतून आत जाते आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी थेट रुग्णालयात जाण्याची असते.)

चौथा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये नोझलमधून डिझेल फवारणारा भाग) काढला तेव्हा खाली दोन तांब्याचे वॉशर निघाले. आधी कोणीतरी जुना वॉशर बोअरमध्ये चिकटलेला न काढता वरून नवा बसवला होता, त्यामुळे नोझलचे टोक तेवढे वर राहून फवारा पिस्टनच्या खड्ड्यात योग्य जागी पडत नव्हता. सहाही नोझल टेस्टरवर लावून उघडण्याचा दाब आणि फवारा पाहिला. दोन नोझल ठिबकत होते म्हणून सर्वच बदलले. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागातील फटीचे, माप थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी असे घेतले. फीलर गेज न वापरता हाताच्या अंदाजाने टॅपेट बांधणारे मिस्त्री आजही भरपूर आहेत आणि त्यांच्या आवाज ओळखण्याच्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण एक्झॉस्टचे टॅपेट घट्ट राहिले तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळते. टॅपेट वाजत नसल्याने हा दोष कानाला कळतच नाही.

काळ्या धुराचे कारण हवेच्या बाजूला निघाले. टर्बोकडून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी होज क्लँपच्या खाली तडकला होता. गाडी उभी असताना तो शाबूत दिसे आणि दाब आला की तोंड उघडे. भोवताली जमलेली तेलकट काजळी हीच त्याची खूण होती. नवा होज, नवा एअर फिल्टर आणि टर्बोच्या शाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ तपासून झाल्यावरच पंप लॅबमध्ये गेला. तेथे प्रत्येक प्लंजरचे डिझेल सारखे करून घेतले, आधी वाढवलेले प्रमाण कंपनीच्या मापावर आणले आणि रबरी सील बदलले. गंधक कमी केलेल्या डिझेलवर जुने सील आकसून गळतात, हे लॅबवाल्यांचे म्हणणे योग्य आहे. मात्र एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचे डिझेल आल्याने जुने पंप सुकून जातील ही भीती इनलाइन पंपाच्या बाबतीत अतिरंजित वाटते, कारण त्याचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो आणि डिझेलमध्ये वंगणगुणाची मर्यादाही ठरवून दिलेली आहे. सगळे डिझेलवरच भागवणाऱ्या रोटरी पंपाच्या मालकांनी मात्र काळजी घ्यावी.

डिझेल कमी केले म्हणून चालकाने सुरुवातीला बरीच कुरकुर केली. "शेठ, गाडी मेली," हे त्याचे पहिल्या खेपेनंतरचे शब्द होते, कारण काळा धूर म्हणजे ताकद असा हिशेब त्याच्या मनात वर्षानुवर्षे पक्का होता. गायमुखच्या चढावर गिअर खाली न उतरवता गाडी निघू लागल्यावर त्याचे मत हळूहळू बदलले. भरल्या गाडीचा खप पूर्वी लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास होता, तो आता पाचाच्या पुढे असतो. शीव-पनवेल महामार्गावर कोंडी लागली की हा फरक पुसला जातो, म्हणून याहून नेमका दावा मी करणार नाही. पीयूसी सहज मिळते. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराच्या गडदपणाची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे, पण ही चाचणी उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून होते, चढावर भार घेऊन नव्हे. त्यामुळे पीयूसीचा कागद हा इंजिन नीट असल्याचा पुरावा मानू नये.

थर्मोस्टॅटवरून (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवरून) मिस्त्रींचे आणि माझे थोडे वाजले. आधीच्या कोणीतरी तो काढून टाकला होता, मुंबईच्या उकाड्यात तो नकोच असा येथे सार्वत्रिक समज आहे, आणि आश्चर्य म्हणजे एवढे मापाने काम करणारे हे गृहस्थही त्याच मताचे निघाले. मी आग्रहाने नवा बसवून घेतला. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन बराच वेळ थंड चालते, डिझेल पूर्ण जळत नाही, ते बोअरवरचे ऑइल धुऊन काढते आणि झीज वाढते. शिवाय या इंजिनात गरम झाल्यावर बायपासचा मार्ग थर्मोस्टॅटच बंद करत असल्याने, तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहते आणि जड भारावर तापण्याचीच शक्यता वाढते. मे महिन्याच्या दुपारीही काटा एका जागी राहिला आहे, मात्र त्याआधी रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतले होते हे सांगायला हवे.

सुट्या भागांबाबत अनुभव संमिश्र आहे. होज, क्लँप, फीड पंपाची जाळी अशा वस्तू कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्त आणि ठीक मिळतात. नोझल, फिल्टर आणि गॅस्केट यांच्या बाबतीत हुबेहूब खोकी असलेला बनावट माल बाजारात आहे, त्यामुळे ते अधिकृत वितरकाकडून बिलासह घेतले. मिस्त्रींनी काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत दिला, मागावा लागला नाही. त्यांचे दोष म्हणजे वेळ पाळत नाहीत, फोन उचलत नाहीत आणि हेल्परवर सोपवलेल्या वायरिंगच्या कामात निष्काळजीपणा होतो. पावसात इंजिन बंद करण्याच्या सोलेनॉइडचा कनेक्टर पाणी शिरून दोनदा अडला आणि दोन्ही वेळा काम दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे लागले. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचे पाणी दर आठवड्याला काढण्याची सवय चालकाला लावली, ती अजून टिकून आहे.

एकूण खर्च फुल इंजिनच्या त्या अंदाजपत्रकाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात बसला, आणि त्यातही सर्वांत मोठी रक्कम पंप व नोझलची होती. सकाळचा निळा धूर पूर्ण गेलेला नाही; तो मिनिटभरात थांबतो आणि दिवसभर पुन्हा दिसत नाही, त्यामुळे संशय व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाइडवर आहे. दोन ऑइल बदलांच्या मध्ये थोडे ऑइल वरून घालावे लागते, पण हे प्रमाण पावसाळ्यापासून वाढलेले नाही. गाडीचे फिटनेस आता दरवर्षी करावे लागते, आणि पुढच्या फिटनेसच्या आधी हेड उतरवून सील व गाइड बदलण्याचे ठरले आहे. हेड निघालेच आहे तर बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मापून ती मापे कागदावर लिहून द्यावीत, असे मिस्त्रींना आधीच सांगून ठेवले आहे.